कांदा, निर्यातबंदी आणि उजव्या विचाराची कसोटी

रानवारा (धागालेखक)

आर्थिक बाबतीत मी उजवा आहे. सरकार लहान असावं, कर हलके असावेत, ज्याची मालमत्ता त्याच्याकडे सुरक्षित राहावी आणि सरकारने नियम केला तर तो आधी सांगून करावा, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या तीन मुद्द्यांवर आपल्याकडचे उजवे लेखक हिरिरीने लिहितात. चौथ्यावर मात्र, सरकार आपल्या आवडीचं असलं की, शांतता असते. म्हणून हा धागा चौथ्या मुद्द्यावर.

कांद्याचा हिशोब मांडतो. १९ ऑगस्ट २०२३, शनिवार: कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क. २८ ऑक्टोबर: टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबर: थेट बंदी, मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत. मुदत संपायला काही दिवस उरले असताना ती 'पुढील आदेशापर्यंत' वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. जेमतेम वीस महिन्यांत एका पिकाच्या व्यापाराचे नियम इतक्या वेळा उलटेपालटे झाले, आणि बहुतेक वेळा अधिसूचना निघाली त्याच किंवा दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी.

आता हे शेताच्या वेळापत्रकाशी लावून बघा. उन्हाळ कांद्याची रोपं डिसेंबर-जानेवारीत लागतात, काढणी मार्च-एप्रिलमध्ये होते. देशाच्या वर्षभराच्या कांद्यातला दोनतृतीयांशाहून जास्त वाटा याच पिकाचा, आणि तोच चाळीत भरून ऑक्टोबरपर्यंत पुरवायचा असतो. ज्याने डिसेंबर २०२३ मध्ये लागवड केली त्याने सरकारी आदेशात ३१ मार्च ही तारीख वाचली होती. माझं पीक बाजारात येईल तेव्हा निर्यात खुली असेल, हा त्याचा अंदाज सरकारच्याच कागदावर उभा होता. बियाणं, मजुरी, खत, सगळा पैसा मातीत गेल्यावर तारीख बदलली. भाव पडण्याचा धोका शेतकऱ्याने पत्करावा हे मला मान्य आहे, तो व्यापाराचा भाग आहे. पण सरकारने स्वतः लिहिलेली तारीख मोडण्याचा धोकाही त्यानेच का पत्करायचा?

माझं म्हणणं एवढंच आहे की वाईट पण स्थिर नियमापेक्षा रातोरात बदलणारा नियम जास्त नुकसान करतो. ४० टक्के शुल्क कायमचं आहे हे माहीत असेल तर शेतकरी कांदा कमी लावेल, मका लावेल, आणखी काही करेल. पण शुल्क शून्य असेल की चाळीस की बंदी, हेच ठाऊक नसेल तर तो कुठलाच हिशोब करू शकत नाही. मग शेती जुगार होते आणि पत्ते वाटणारा दिल्लीत बसलेला असतो.

याची मुळं जुनी आहेत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने भारत संरक्षण नियमांखाली धान्य-कापडावर नियंत्रणं आणली. युद्ध संपलं. नियंत्रणं संपायला हवी होती, तर १९४६ मध्ये अत्यावश्यक पुरवठ्याचा 'तात्पुरत्या अधिकारांचा' कायदा झाला. पुढे घटनेत दुरुस्ती करून १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा आला आणि तो आजही आहे. लढाईसाठी घेतलेला अधिकार ती लढाई संपून सत्तरहून जास्त वर्षं झाली तरी परत केला गेला नाही. राजाजींनी १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढला तो याच परमिट-लायसन्स राज्याविरुद्ध. १९६७ मध्ये त्या पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत होते. आज तितक्या ठामपणे तो विचार मांडणारा एकही पक्ष संसदेत नाही, आणि मला याचं खरंच दुःख आहे.

२०२० ची गोष्ट तर प्रत्येक उजव्या माणसाने लक्षात ठेवावी अशी आहे. जूनमध्ये अध्यादेश निघाला: कांद्याबटाट्यासारख्या मालावर साठामर्यादा घालायची तर किरकोळ भाव १०० टक्के वाढलेला असला पाहिजे, नाशवंत नसलेल्या अन्नधान्याला ५० टक्के. म्हणजे सरकारने स्वतःच्या हाताला स्वतः मोजमापाची गाठ मारली. मला तो क्षण फार मोठा वाटला होता. १४ सप्टेंबरला त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्या दिवशी, १५ सप्टेंबरला, लोकसभेने ते साठामर्यादेचं विधेयक मंजूर केलं. एका हाताने शेतकऱ्याला मोकळं केल्याचं भाषण आणि दुसऱ्या हाताने बंदरावर कुलूप! पुढे हे विधेयक धरून झालेल्या तिन्ही कृषी कायद्यांविरुद्ध आंदोलन उभं राहिलं, जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, नोव्हेंबरमध्ये कायदे मागे गेले. त्यांच्याबरोबर तो १०० टक्क्यांचा उंबरठाही गेला. कायदे वाचवायला कांदा उत्पादक रस्त्यावर का उतरला नाही, असं आपल्यातले लोक विचारतात. १४ सप्टेंबरच्या त्या अधिसूचनेनंतर त्याने कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून उतरायचं होतं?

नियमाने बांधून घेणं सरकारला जमत नाही असंही नाही. २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती झाली. महागाईचं लक्ष्य ४ टक्के, खाली-वर दोन टक्क्यांची मुभा, आणि सलग तीन तिमाही लक्ष्य चुकलं तर बँकेने सरकारला लेखी कारण द्यायचं. २०२२ मध्ये तसं पत्र द्यावंही लागलं. व्याजदरासारखी गोष्ट नियमाने चालू शकते, तर कांद्याची निर्यात का नाही?

माझा प्रस्ताव: निर्यातबंदीचं हत्यार काढून टाकावं. शुल्क लावायचंच असेल तर त्याचे टप्पे लागवडीच्या हंगामाआधी राजपत्रात छापावेत. अमुक भावापर्यंत शून्य, त्यापुढे इतके टक्के, त्याहून पुढे इतके. टप्पा आपोआप लागेल, आपोआप उतरेल. मंत्र्याच्या सहीची गरज नाही, निवडणुकीच्या तारखेचा संबंध नाही.

यावर चर्चा व्हावी. विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.


साधा_ग्राहक

दादा, लेख कळकळीने लिहिला आहे, म्हणून मीही मोकळेपणी लिहिते. तुमच्या लेखात खाणारा माणूस कुठेच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये शहरांत कांद्याने किलोला शंभरी ओलांडली होती. घरकाम करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या हिशोबात ती रक्कम दिसते. तिच्या घरात कांदा म्हणजे चैन नाही, भाकरीबरोबरचं कालवण तेच असतं. सरकारने तिच्याकडे बघितलं तर ते समाजवादी झालं का?

दुसरं, तुमचं 'आधी सांगा' मला पटत नाही. समजा सरकारने तीस दिवस आधी जाहीर केलं की शुल्क लागणार. त्या तीस दिवसांत निर्यातदार असेल तेवढा माल बोटीवर चढवतील आणि इथे भाव आणखी भडकतील. अचानक निर्णय घेण्यामागे काही कारण असतं.


वाशीबाजार

ताईंच्या दुसऱ्या मुद्द्याचा अनुभव उलट बाजूने सांगतो. मी निर्यातीच्या धंद्यात आहे. ऑगस्ट २०२३ ला शुल्क आलं तेव्हा आमचे भरलेले कंटेनर बंदरात होते. सौदा जुन्या भावाने झालेला. परदेशातला खरेदीदार ४० टक्के वाढवून देणार नाही, आणि आम्ही खिशातून भरले तर धंदाच बसतो. माल तिथे तापत राहतो, कोंब फुटतात. त्या आठवड्यात ज्यांनी सौदे मोडले त्यांना गिऱ्हाईकाने पुन्हा दारात उभं केलं नाही.

आणि एक गोष्ट इथे कुणी लिहीत नाही. दुबई, क्वालालंपूर, कोलंबोचा घाऊक व्यापारी भारताला आता 'मिळाला तर घेऊ' या खात्यात टाकतो. वर्षभराचा करार तो दुसऱ्या देशाशी करतो. बांगलादेश आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. २०१९ च्या बंदीनंतर त्यांनी म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा आणला, मग स्वतःचं उत्पादन वाढवायला घेतलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, तेव्हा त्यांनी व्यासपीठावरूनच सांगितलं की बंदी घालताना आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. शेजारच्या देशाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांना जे मागावं लागलं तेच निफाडचा शेतकरी मागतोय.


रानवारा

साधा_ग्राहक ताई, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे, त्याला नीट उत्तर देतो.

आधी निर्यातीच्या गर्दीबद्दल. तीस दिवसांची सूचना देऊन शुल्क लावलं तर गर्दी होईल, हे खरं आहे. म्हणूनच मी सूचना म्हणत नाही, टप्पे म्हणतो. टप्पे हंगामाआधीच छापलेले असतील तर भाव चढू लागला की शुल्क हळूहळू वाढत जाईल. एका रात्रीत शून्यावरून चाळीसची उडी नाही, त्यामुळे त्या रात्रीच्या आत माल काढण्याची घाईही नाही. उलट आजच्या पद्धतीत 'बंदी येणार' अशी कुजबुज झाली की गर्दी होतेच. ती कुजबुज कुणाच्या कानावर आधी जाते, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. लासलगावला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाच्या कानावर ती शेवटी जाते.

आता घरकाम करणाऱ्या बाईबद्दल. तिला मदत करू नका असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती मदत कोण देतंय ते बघा. भाव पाडून दिलेली मदत शेतकऱ्याच्या खिशातून जाते. तीही सरसकट जाते, तिच्याइतकीच ती माझ्यासारख्या पगारदाराला आणि पंचतारांकित हॉटेलालाही मिळते. गरिबाला स्वस्त कांदा द्यायचा असेल तर सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि गरजूंना स्वस्तात द्यावा, किंवा सरळ पैसे द्यावेत. तो खर्च अर्थसंकल्पात दिसेल, सभागृहात त्यावर मतदान होईल, लेखापरीक्षण होईल. घटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येणार नाही. निर्यातबंदी हा शेतकऱ्यावरचा करच आहे, फक्त तो कुठल्याही सभागृहात मांडला जात नाही आणि किती वसूल झाला हे कुठल्या खात्यात लिहिलंही जात नाही. मला सर्वात जास्त हेच टोचतं.

आणि २०१२ आधारवर्षाच्या महागाई निर्देशांकात कांद्याचं वजन होतं ०.६४ टक्के. शंभर रुपयांत ६४ पैसे. गरिबाच्या घरात ते जास्त असेल हे मान्य. तरीही सरकारं एवढी घाबरतात ती किमतीला नाही, बातमीला घाबरतात. १९९८ मध्ये कांद्याच्या भावाने दिल्लीचं राज्य सरकार गेलं, ती भीती अजून सगळ्या पक्षांच्या मनात आहे.


कलम_तीन

कायद्याच्या बाजूने थोडी भर.

अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कलम ३ मध्ये सरकारला उत्पादन, पुरवठा, साठा, भाव या सगळ्यांवर केवळ आदेश काढून नियंत्रण आणता येतं. कलम ७ मध्ये शिक्षा सात वर्षांपर्यंत. साठामर्यादेचा आकडा कायद्यात नाही, तो आदेशात असतो, त्यामुळे काल जे गोदाम होतं ते आज गुन्ह्याची जागा होऊ शकतं. सप्टेंबर २०१९ मध्ये किरकोळ विक्रेत्याला १०० क्विंटल आणि घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटलची मर्यादा घातली गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती २ टन आणि २५ टन झाली. ज्याच्या गोदामात शंभर टन होते त्याने काय करायचं? तीन दिवसांत विकून टाकायचे. भाव पाडणं हाच हेतू असेल तर तसं उघड लिहावं.

हा कायदा १९७६ मध्ये, आणीबाणीत, घटनेच्या नवव्या परिशिष्टात टाकला गेला. म्हणजे मूलभूत हक्कांचा भंग होतो म्हणून त्याला आव्हान देण्याचा रस्ता तेव्हा बंद केला. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात घातलेले कायदे घटनेच्या मूलभूत चौकटीच्या, म्हणजे संसदेलाही बदलता न येणाऱ्या गाभ्याच्या, कसोटीवर तपासता येतील. त्यामुळे दार किलकिलं आहे. मात्र निर्यात धोरणाचा वेगळा रस्ता आहे: १९९२ चा परकीय व्यापार कायदा आणि सीमाशुल्काचे कायदे. तिथे सार्वजनिक हितासाठी धोरण बदलण्याची मुभा न्यायालयांनी सरकारला वेळोवेळी दिली आहे. 'आम्ही तारखेवर विसंबून पीक लावलं' एवढ्यावर न्यायालयात निभाव लागेल असं मला वाटत नाही. जे मिळवायचं ते संसदेतूनच मिळवावं लागेल, म्हणजे टप्पे अधिसूचनेत घालून उपयोग नाही, कायद्यात घालावे लागतील. अधिसूचनेतला टप्पा दुसऱ्या अधिसूचनेने पुसता येतो.


द्राक्षवेल

मीही उजव्या विचारांचाच, पण रानवारांच्या उजवेपणात राष्ट्र कमी आणि बाजार जास्त दिसतो. व्यापार खुला सोडणं हेच धोरण असं आपल्या परंपरेत कुठे आहे? शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितली. पोर्तुगीजांच्या मुलखातलं मीठ स्वस्त पडत होतं, स्वराज्यातला मिठाचा धंदा बुडत होता. राजाने हस्तक्षेप केला आणि योग्य केला. राज्यकर्त्याला परिस्थिती बघून झटपट निर्णय घेता आलाच पाहिजे. त्याचे हात आधीच छापील टप्प्यांनी बांधले तर टंचाईत, युद्धात तो काय करणार?


रानवारा

द्राक्षवेल, हा दाखला तुम्ही काढलात याचा आनंद झाला, कारण तो माझ्याच बाजूने बोलतो असं मला वाटतं. ती जकात बाहेरून येणाऱ्या मिठावर होती. आपल्या मुलखातला मीठवाला जगावा म्हणून होती. कांद्यावरचं निर्यात शुल्क नेमकं उलट आहे: आपल्या उत्पादकाचा माल आपणच अडवायचा, आणि तोवर परदेशातला उत्पादक आपली बाजारपेठ घेतो. महाराजांनी बारदेशचं मीठ अडवलं, आपण लासलगावचा कांदा अडवतो. राष्ट्रवादी विचाराने बघितलं तर यातलं काय पटतं, तुम्हीच सांगा.

युद्ध, दुष्काळाबद्दल: कायद्यात अपवाद ठेवा, हरकत नाही. पण अपवाद वापरला की सरकारने संसदेत कारण द्यावं आणि ठरलेल्या मुदतीत तो आपोआप संपावा.

मुभेचं दुसरं टोकही बघा. बंदी चालू असताना सरकारने एका सरकारपुरस्कृत सहकारी संस्थेमार्फत निवडक देशांना निवडक कोटे दिले. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातमधल्या २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला वेगळी परवानगी मिळाली. नाशिकचा लाल कांदा बंद आणि तिकडचा पांढरा चालू! त्यामागे दुष्ट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण ज्या व्यवस्थेत दार एकाच्या हाताने उघडतं-मिटतं, तिथे प्रत्येक उघडण्यात पक्षपात दिसणारच. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्री हरल्या, त्यामागे हा राग नव्हता असं त्या भागातला कुणी म्हणणार नाही. नियम छापलेला असता तर हा संशय घ्यायला जागाच राहिली नसती.


चाकण८०

मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठा आहे, म्हणून जरा अधिकाराने लिहितो. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनात मी होतो. शरद जोशी परदेशातली आंतरराष्ट्रीय संस्थेची नोकरी सोडून आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले होते. आकडेमोड करून त्यांनी आम्हाला दाखवलं की आपण आळशी नाही, अडाणी नाही. आपला भाव सरकार पाडतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तिथून निघाली. लोक विसरतात की त्या घोषणेचा पहिला शब्द 'भीक' आहे. आम्ही अनुदान मागत नव्हतो.

म्हणून रानवारा, तुमचे टप्पे मला नकोत. पहिला टप्पा मान्य केला की सरकारला शुल्क लावायचा हक्क आहे हे मान्य केलं. आज तुम्ही म्हणाल अमुक भावापर्यंत शून्य. उद्या तो आकडा खाली आणायला कुणाला किती वेळ लागेल? फेब्रुवारी २०२३ आठवा. सोलापूरला ५१२ किलो कांदा विकून एका शेतकऱ्याच्या हातात हमाली-तोलाई-भाडं वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला होता. तेव्हा कुणी म्हणालं का की भाव पडल्यावर शुल्काचे टप्पे उलटे लावू आणि शेतकऱ्याला भरून देऊ? राज्याने नंतर क्विंटलला ३५० रुपये दिले, तेही २०० क्विंटलपर्यंत. भाव चढला की आडवे यायचं आणि पडला की तुकडा टाकायचा. दोन्ही बंद करा, एवढंच आमचं मागणं होतं आणि आजही आहे.


काळी_माती

यवतमाळहून. कांद्यावर एवढं लिहिलंत, कापसावरही लिहा. १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग दहा दिवसांच्या आत मुदत ३१ डिसेंबर केली. अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कापड उद्योगाला दिलासा हवा होता, हे समजतं. पण आम्ही जूनमध्ये सरकी टोबली ती ११ टक्के धरून. वेचणी सुरू होणार तेव्हा गोदामं बाहेरच्या गाठींनी भरलेली.

आता रानवारांना प्रश्न. तुम्ही खुल्या व्यापाराचे. आयात शुल्क काढलं तर तुम्हाला आनंद व्हायला हवा ना?


रानवारा

काळी_माती, अगदी नेमकं विचारलंत.

दिशेपुरतं बोलायचं तर कापसावरचं आयात शुल्क कमी होणं मला चुकीचं वाटत नाही. पण ते २०२१ च्या अर्थसंकल्पात लावलं कुणी? सरकारनेच. शेतकऱ्याने ते धरून पेरणी केली, आणि पीक उभं असताना काढलं. जानेवारीत सांगितलं असतं की या हंगामापासून शुल्क दरवर्षी इतकं कमी होत जाईल, तर ज्याला सोयाबीन किंवा तूर परवडते तो तिकडे वळला असता. सुधारणासुद्धा मध्यरात्री आणली की तिचा फटका सगळ्यात कमी माहिती असणाऱ्याला बसतो.

शिवाय एक बाजू खुली आणि दुसरी बंद, याला मी खुला व्यापार म्हणत नाही. ब्राझील-अमेरिकेचा शेतकरी तणनाशक सहन करणारी कपाशी लावतो, त्याचा निंदणीचा खर्च वाचतो. तुम्हाला त्या बियाण्याची मंजुरी वर्षानुवर्षं मिळत नाही, चोरून लावलं तर गुन्हा. वायदे बाजारात भाव पुढचे काय असतील ते बघावं, तर बाजार नियामक सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू अशा सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि मुदतवाढीवर मुदतवाढ देत राहिली. स्पर्धेत उतरवायचं असेल तर हातातली सगळी बंधनं एकाच वेळी सोडा.

चाकण८०, काका, तुमच्यापुढे मी वाद घालू शकत नाही, आणि तत्त्व म्हणून तुमचंच बरोबर आहे असं मला वाटतं. शुल्क नसणंच उत्तम. पण संसदेत तसं म्हणणारे आज किती जण आहेत? शून्य शुल्काचा कायदा मंजूर होणार नाही, आणि तो होईपर्यंत निर्यातबंदी चालूच राहील. मी टप्पे मागतो ते सरकारचा हक्क मान्य करायला नाही. आज त्या हक्काला कुठलीच कड नाही, ती आखून मिळावी म्हणून. कलम_तीन म्हणतात तसं ते कायद्यातच असावं, आणि आकडा बदलायचा तर दोन्ही सभागृहांत मतदान व्हावं. तुमच्या 'उद्या आकडा खाली आणतील' या भीतीवर यापेक्षा पक्की तजवीज मला सुचलेली नाही. सुचत असेल तर जरूर सांगा.

कुणी तरी कर्जमाफी आणि लाडक्या बहिणीच्या पंधराशे रुपयांबद्दल व्यक्तिगत निरोपात विचारलं आहे. राज्याच्या तिजोरीबद्दल माझी काळजी मोठी आहे, पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, इथे नको.


साधा_ग्राहक

टप्प्यांमुळे गर्दी होणार नाही हे मला आता बरंचसं पटलं. बाजारभावाने विकत घेऊन स्वस्तात देण्याबद्दल मात्र शंका आहे. २०२३ मध्ये केंद्राने २५ रुपये किलोने कांदा विकला, तो मोठ्या शहरांत गाड्यांवर मिळाला. आमच्या वस्तीपर्यंत गाडी आली नाही. २०१९-२० मध्ये परदेशातून आणलेला कांदा राज्यांनी मागणी मागे घेतल्यावर पडून राहिला. सरकारला कांदा विकता येत नाही, हे दिसतंच आहे. त्यापेक्षा भाव ठराविक टप्प्यापुढे गेला की रेशनकार्डावर तेवढे पैसे खात्यात, हे मला चालेल. निर्यात शुल्काचे पैसे येतील तेच त्यासाठी वापरा.


रानवारा

ताई, ही सूचना माझ्या मूळ प्रस्तावापेक्षा चांगली आहे. शुल्काचा पैसा कुठे गेला हे त्यामुळे दिसेल.


वाशीबाजार

व्यवहारातला प्रश्न राहिलाच. टप्पा कुठल्या भावावर लावणार? किरकोळ भाव दिल्लीचा धरला तर त्यात वाहतूक, दलाली, पावसात अडकलेले ट्रक सगळं येतं. लिलावातला धरला तर दिवसागणिक बदलतो, आणि दोन मोठ्या खरेदीदारांनी ठरवलं तर दोन दिवस भाव हलवताही येतो.


रानवारा

लिलावातलाच धरावा, पण एका बाजार समितीचा नाही. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, सोलापूर, अहिल्यानगर आणि राज्याबाहेरच्या दोन-तीन मोठ्या समित्यांचे सर्वसाधारण दर, आवकेच्या प्रमाणात वजन देऊन, सलग तीन आठवड्यांची सरासरी. किमान आणि कमाल दर सोडून द्यावेत, गोलटीच्या (बारीक कांद्याच्या) आणि एखाद्या निवडक ट्रॉलीच्या भावाने आकडा फिरतो. तीन आठवड्यांची सरासरी हलवायची तर सगळ्या समित्यांत इतके दिवस चढ्या भावाने माल उचलावा लागेल, ते कुणा दोघांच्या आवाक्यातलं नाही.


वाशीबाजार

तीन आठवडे ठीक. चार नकोत, ऑक्टोबरमध्ये जुना संपून नवा लाल सुरू होतो तेव्हा महिन्याची सरासरी मागे पडते. आणि सौदा ज्या तारखेला बँकेत नोंदला त्या तारखेचा टप्पा त्या मालाला लागावा, बोट सुटली त्या तारखेचा नाही. एवढं झालं तर मलेशियाच्या गिऱ्हाईकाला मी वर्षाचा करार लिहून देऊ शकतो.


कलम_तीन

सौद्याच्या तारखेची ती अट मूळ कलमातच हवी. नियमांवर सोडली तर पुन्हा परिपत्रकाने बदलेल. मसुदा करायला बसलात तर मला कळवा, भाषेचं मी बघतो.